घाणेरीला योजनेत घ्या!

जुलै लागला, की पुरुषोत्तमनगरहून उत्तरेला दिसणारा सातपुडा हिरवा होतो आणि तो आपणच लावल्यासारखं आमच्यातल्या प्रत्येकाला वाटू लागतं. वाटणारच. 2017 ते 2019 या तीन वर्षांत राज्याची उद्दिष्टंच होती 4, 13 आणि 33, मिळून 50 कोटी झाडांची. जनगणनेतल्या 11 कोटी 24 लाखांनी भागलं, तर माणशी चार झाडं आणि वर एक बऱ्यापैकी फांदी. माझी चार कुठे आहेत, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

घाणेरीचं बघा. दोनशे वर्षांपूर्वी शोभेसाठी कोलकात्याच्या बागेत आली. पुढचं काम बुलबुलांनी केलं. ना रोपवाटिका, ना टेंडर, ना ट्री गार्ड. गुरंही तोंड लावत नाहीत. तसंच काँग्रेस गवत. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. आता नाव एका पक्षाचं, बांध सगळ्या पक्षांचे.

यंदा आमच्या मंडळात एक पोरगा म्हणाला, "आप्पा, लावणं राहू द्या, या वर्षी घाणेरी काढू." सभा गप्प. मग अध्यक्षांनी विचारलं, "उपटण्याचं उद्घाटन कसं करायचं?"

अडचण खरीच. रोपाशी वाकलेला पाहुणा नम्र दिसतो, घाणेरी ओढणारा नुसता चिडलेला. शिवाय वरून छाटली तर ती जास्तच जोमाने फुटते. मातीखाली मूळ तोडायचं, झुडूप उलटं टाकायचं, पुढच्या पावसाळ्यात परत फेरी मारायची. काँग्रेस गवत फुलायच्या आत काढायचं, खाज सुटते म्हणून हातमोजे घालून. हातमोज्यात अंगठ्या दिसत नाहीत, हाही मुद्दा निघाला.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने कुऱ्हाडीला दंड ठरवला, राखण बसवली, आणि जंगल परतलं. त्यासाठी झटलेल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. पण जंगल परतायला तीसेक वर्षं लागली. आमच्या पाहुण्यांना साडेअकराला शहाद्यात दुसरा कार्यक्रम असतो.

म्हणून मी लेखी सुचवलं: घाणेरीलाच योजनेत घ्या. उद्दिष्ट द्या, पिंजरा द्या, देणगीदाराच्या नावाची पाटी द्या, प्रत्येक झुडपाला एक दत्तक पालक नेमा. दोन उन्हाळ्यांत औषधालाही उरणार नाही.

ठराव एकमताने मंजूर झाला. अध्यक्षांची एकच शंका होती: रोपं कुठल्या नर्सरीतून घ्यायची?

तीन कोटेशनं मागवली आहेत.