निवडणुकीच्या हंगामात मराठी वर्तमानपत्र हाताळण्याची सुरक्षा नियमावली
(रास अल खैर व परिसरातील कॅम्पांसाठी)

रास अल खैर हे सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर, जुबैलच्या उत्तरेला वसवलेलं औद्योगिक शहर. इथे अ‍ॅल्युमिनियमचा अवाढव्य प्रकल्प आहे, उत्तरेच्या वाळवंटातून रेल्वेने येणाऱ्या फॉस्फेटवर चालणारे खतकारखाने आहेत आणि समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी एक आहे. सगळा मामला धोक्याचा, म्हणून प्रत्येक गोष्टीला नियम. उंचीवर चढायला परमिट, बंद टाकीत उतरायला परमिट, वेल्डिंगला निराळं परमिट. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी बारा ते तीन उन्हात काम करायलाच बंदी.

एवढ्या बंदोबस्तात एक काम मात्र बिनपरवाना राहिलं आहे. निवडणूक लागली की मेसमध्ये जेवणाच्या ताटाशेजारी मोबाईल ठेवून मराठी ई-पेपर उघडला जातो. ना टूलबॉक्स टॉक, ना हेल्मेट. पाच मिनिटांत नांदेडचा फोरमन आणि कोल्हापूरचा फिटर यांचं बोलणं बंद होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दोघांना एकाच क्रेनखाली उभं राहायचं असतं. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील कलमं.

कलम १. व्याप्ती

ही नियमावली अशा वाचकासाठी आहे, ज्याला मत देण्याची सोय नाही पण मतं मांडण्याची मुबलक आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदारयादीत नाव घालण्याचा हक्क मिळाला. त्यासाठी ६-अ क्रमांकाचा अर्ज भरायचा आणि मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन गावातल्या केंद्रावर स्वतः हजर व्हायचं. टपाली मतपत्रिका नाही. दुसऱ्याकरवी मत देऊ देणारं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढे बारगळलं. २०२४ च्या विधानसभेला मतदान बुधवारी, २० नोव्हेंबरला होतं. एका बटणासाठी विमानाचं तिकीट आणि रजा मागायला गेलेल्या माणसाकडे कंपनीचा टाइमकीपर कोणत्या नजरेने पाहतो, हे सांगायला नको.

मात्र या वाचकाकडे गाववाल्याकडे नसलेलं एक हत्यार आहे. गावात सकाळी दारात एक पेपर पडतो आणि त्याचीही एकच आवृत्ती. इथे एकाच बोटाने पाच पेपर आणि प्रत्येकाच्या दहा जिल्ह्यांच्या आवृत्त्या उघडता येतात. पुढची सगळी कलमं या हत्याराच्या योग्य वापराविषयी आहेत.

कलम २. लेबल लावलेला माल

रसायनांच्या गोदामात सर्वांत निर्धोक पिंप कोणतं? ज्याच्यावर कवटीचं चित्र ठळक छापलेलं असतं ते. वर्तमानपत्रांचंही तेच. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ ला निघाला तो संयुक्त महाराष्ट्रासाठी, आणि त्याने ते कधी लपवलं नाही. काँग्रेसच्या उमेदवाराविषयी ‘मराठा’त बरं वाचायला मिळेल, अशी आशा धरून कोणी तो विकत घेत नव्हतं. १९५७ च्या निवडणुकीत खुद्द संपादकच संयुक्त महाराष्ट्र समितीतर्फे उभे राहिले आणि आमदार झाले. ‘सामना’ २३ जानेवारी १९८८ ला सुरू झाला. तो ठाकरेंच्या शिवसेनेचा पेपर आहे हे मास्टहेड न वाचताही कळतं.

असा माल हाताळताना हातमोज्यांची गरज नाही. तरी काहींना भोवळ येते. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत मतदानाच्या आसपासच्या दिवशी ‘सामना’ छापू देऊ नये, अशी मागणी भाजपच्या प्रवक्त्यांनी राज्य निवडणूक आयोगाकडे केली होती. तेव्हा राज्यात दोन्ही पक्ष एकाच मंत्रिमंडळात बसत होते, ही बाब टिपून ठेवावी.

कलम ३. लेबल नसलेला माल

खरी काळजी इथे घ्यायची. या वर्गाच्या अभ्यासासाठी ऑक्टोबर २००९ हा महिना नेमला आहे.

त्या वर्षीच्या विधानसभेला तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. मराठी पेपरांत ‘अशोक पर्व’ नावाने पानंच्या पानं भरून कौतुक आलं. नोव्हेंबरअखेर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं, की ‘लोकमत’, ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘पुढारी’ या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत चव्हाणांच्या तरुण आणि तडफदार नेतृत्वावरचा मजकूर शब्दन्‌शब्द सारखा होता. तीन गावांतल्या तीन उपसंपादकांना एकच स्वल्पविराम एकाच जागी सुचावा, हा योगायोग मराठी पत्रकारितेत एरवी दुर्मिळ. निवडणूक खर्चाच्या हिशेबात उमेदवाराने वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये आणि केबल टीव्हीसाठी ६,००० रुपये दाखवले होते. खर्चाची मर्यादा होती १० लाख.

पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर आयोगाकडे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. उमेदवाराचा हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, असं न्यायालयाने मे २०१४ मध्ये म्हटलं. जुलैत आयोगाने चव्हाणांना नोटीस दिली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. म्हणजे निकाल चव्हाणांच्या बाजूने लागला. सारखे स्वल्पविराम कुठून आले, हा प्रश्न तेवढा कोणाच्याच बाजूने लागला नाही.

अशा प्रकरणात सगळेच सुटतात असं समजू नये. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. कारण दोन हिंदी दैनिकांत बातमीच्या वेषात छापून आलेला मजकूर त्यांच्या खर्चाच्या हिशेबात नव्हता.

सराव : ई-पेपरच्या संग्रहात एकाच नेत्याच्या बातम्या तीन तारखांना वाचाव्या. चव्हाणांपुरतं, ऑक्टोबर २००९, ‘आदर्श’ सोसायटीच्या घोटाळ्यामुळे मुख्यमंत्रिपद सोडलं तो नोव्हेंबर २०१० आणि भाजपमध्ये प्रवेश केला तो फेब्रुवारी २०२४. विशेषणं वेगळ्या कागदावर उतरवून काढावी. बाकी मजकूर वाचला नाही तरी चालेल.

कलम ४. जाहिरात आणि बातमी यांतला फरक

पैसे घेऊन बातमी छापण्याला धंद्यात ‘पॅकेज’ म्हणतात. भारतीय प्रेस परिषदेने नेमलेल्या परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने २०१० मध्ये यावर सविस्तर अहवाल दिला. परिषदेने तो पूर्ण प्रसिद्ध न करता आटोपशीर आवृत्ती काढली. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची चौकशी बातमीदारांनी करायची आणि ती बातमी मात्र छापायची नाही, इतका संयम प्रेसने क्वचितच दाखवला असेल.

त्या अहवालात ओळखण्याच्या खुणा आहेत. एकच फोटो आणि एकच मथळा वेगवेगळ्या पेपरांत, वेगळ्या बातमीदारांच्या नावाने. आणि सर्वांत मौल्यवान खूण अशी की एकाच पानावर एकाच मतदारसंघातल्या दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांची स्तुती, आणि दोघांचाही विजय नक्की. हा प्रकार सापडल्यास वाचकाने घाबरू नये. पेपर पक्षपाती नसल्याचा याहून भक्कम पुरावा मिळत नाही.

‘जाहिरात’ असं स्पष्ट छापलेलं असलं, तरी गाफील राहू नये. १३ जून २०२३ ला राज्यातल्या पेपरांच्या पहिल्या पानावर ‘राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे’ ही पानभर जाहिरात आली. मुख्यमंत्री म्हणून एकनाथ शिंदे यांना २६.१ टक्के आणि देवेंद्र फडणवीस यांना २३.२ टक्के लोकांची पसंती असल्याचं ‘सर्वेक्षण’ तिच्यात होतं. दुसऱ्या दिवशी नवी जाहिरात आली. तिच्यात फडणवीसांचा फोटो होता, बाळासाहेबांचाही होता. एका रात्रीत जनमत इतकं व्यापक झाल्याचं उदाहरण जगात दुसरं नसावं.

कलम ५. आवृत्त्यांची जुळणी

एकाच पेपरच्या निरनिराळ्या जिल्ह्यांच्या आवृत्त्या शेजारी शेजारी उघडाव्या. मुंबईच्या अग्रलेखात घराणेशाहीवर ‘घणाघात’ झालेला असतो, आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या पुरवणीत ‘युवा नेतृत्वा’च्या पदयात्रेला ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ मिळालेला असतो. वडिलांचा मतदारसंघ, मुलाची पदयात्रा. संपादक एक, मास्टहेड एक.

याचं कारण भ्रष्ट हेतूत शोधण्याआधी तालुक्याच्या वार्ताहराकडे बघावं. अनेक ठिकाणी बातमी पाठवणारा, अंक वाटणारा आणि जाहिरात गोळा करणारा माणूस एकच असतो. पगार नावापुरता, कमिशन जाहिरातीवर. आमदाराच्या वाढदिवसाची पुरवणी तोच भरतो आणि आमदाराने केलेल्या रस्त्याच्या खड्ड्यांची बातमीही त्यानेच द्यावी, अशी मुंबईची अपेक्षा असते. रास अल खैरमध्ये काम करणारा आणि कामाचं इन्स्पेक्शन करणारा एकच माणूस ठेवला, तर साइट बंद पडेल.

मालक कोण, हेही बघावं. ‘लोकमत’चे विजय दर्डा १९९८ ते २०१६ राज्यसभेत होते आणि राजेंद्र दर्डा काँग्रेसच्या काळात राज्यात मंत्री. ‘सकाळ’चे प्रताप पवार हे शरद पवारांचे बंधू. ही माहिती फक्त वहीच्या समासात लिहून ठेवावी, तिच्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. दर्डांच्या पेपरात काँग्रेसच्या नाराजांच्या बातम्या सर्वांत सविस्तर सापडतात, असाही अनुभव येऊ शकतो. घरातली भांडणं घरच्यांनाच आधी कळतात.

कलम ६. छायाचित्रं आणि गर्दी

५ ऑक्टोबर २०२२ ला मुंबईत एकाच संध्याकाळी दोन दसरा मेळावे झाले. शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे, बीकेसीत एकनाथ शिंदे. दोन्हीकडे विक्रमी गर्दी, दोन्हीकडे दुसरीकडच्या रिकाम्या खुर्च्या. अशा वेळी फोटोग्राफर कुठे उभा होता ते बघावं. तो व्यासपीठावर, नेत्याच्या पाठीमागे असेल, तर गर्दी क्षितिजापर्यंत जाते. तो मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात असेल, तर खुर्च्या मोजता येतात.

यावर यजमान देशाने एकदा रामबाण उपाय केला होता. १२ डिसेंबर २०१५ ला सौदीत पालिकांची निवडणूक झाली. स्त्रियांनी पहिल्यांदाच मतदान केलं आणि उमेदवारीही केली. त्या निवडणुकीत उमेदवारांनी, पुरुषांनीही, प्रचारात आपला फोटो वापरायचा नाही असा नियम होता. हा नियम महाराष्ट्रात लावला तर जिल्हा पुरवण्यांची निम्मी पानं कोरी जातील आणि फ्लेक्स छापणाऱ्यांना मजुरीसाठी आखातात यावं लागेल. त्यामुळे त्याची शिफारस नाही.

कलम ७. वैयक्तिक संरक्षण

आतापर्यंतचे सगळे धोके पेपरमधले. उरलेला एक वाचणाऱ्याच्या डोळ्यात आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९८२ च्या बैरुत हत्याकांडावरच्या टीव्ही बातम्या इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. चित्रफीत एकच. दोन्ही गटांना ती आपल्याविरुद्ध झुकलेली वाटली. आपल्या बाजूवर जास्त टीका झाली, असं दोघांच्याही स्मरणात राहिलं. १९८५ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. तो कोणत्याही शुक्रवारी रास अल खैरच्या मेसमध्ये विनाखर्च करून पाहता येतो.

“काका, तुमचा पेपर विकला गेलाय.”

“विकला गेला असता तर वर्गणी भरा म्हणून माझ्या मागे कशाला लागला असता, बाळा?”

संरक्षणाची पद्धत सोपी आहे. बातमी वाचून संताप आला, की उमेदवाराच्या नावाच्या जागी विरोधकाचं नाव घालून तीच बातमी पुन्हा वाचावी. आता ती ‘निर्भीड पत्रकारिता’ वाटू लागली, तर मोबाईल खाली ठेवावा, पाणी प्यावं आणि पंधरा मिनिटं सावलीत बसावं. त्याच अवस्थेत कात्रण ग्रुपवर पाठवू नये. तारीख नसलेलं कात्रण तर कोणत्याही अवस्थेत पाठवू नये. पाच वर्षांपूर्वीच्या निवडणुकीतला पराभव ‘ताजी बातमी’ म्हणून फिरतो आणि बिचारा उमेदवार दोनदा पडतो.

कलम ८. दुर्घटनेची नोंद

निवडणूक आयोगाचं ‘सी-व्हिजिल’ ॲप आचारसंहितेच्या भंगाची तक्रार घेतं, पण ते फोटोबरोबर जागेचीही नोंद घेतं आणि निवडणूक असलेल्या क्षेत्रातच चालतं. रास अल खैरमधून ते उघडण्यात वेळ घालवू नये. पैसे देऊन छापलेल्या बातमीची तक्रार जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समितीकडे करता येते. समितीचं नाव पाठ होईपर्यंत मतदान उरकण्याची शक्यता गृहीत धरावी.

उरते प्रेस परिषद. तिच्या नियमांनुसार आधी संपादकाला लिहावं लागतं. समाधान झालं नाही तर दैनिकाबाबत छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत कात्रणासह परिषदेकडे जाता येतं. परिषद १९७८ च्या कायद्याखाली पेपरला समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते. दंड करू शकत नाही. संपादकाला लिहिताना पूर्ण नाव, गाव आणि पासपोर्टवरचा पत्ता द्यावा. ‘पेपर विकला गेला आहे’ असं न लिहिता कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पानावर, किती कॉलमांत काय आलं आणि दुसऱ्या उमेदवाराला किती जागा मिळाली, एवढंच लिहावं.

पत्र छापून आलंच, तर त्याचा स्क्रीनशॉट कॅम्पच्या ग्रुपवर टाकू नये. ते पत्र आपल्याविरुद्ध आहे असं दोन्ही बाजूंना वाटेल, आणि शनिवारी सकाळची शिफ्ट सर्वांना एकत्रच करायची आहे.