वनखातं : नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

सुरुवात जंगल ओळखण्यापासून करावी. त्यासाठी झाडांकडे बघू नये, गोंधळ उडतो. कागद बघावा. सरकारदप्तरी 'वन' अशी नोंद असली की उघडाबोडका माळही जंगलच. १९९६ साली गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. उलट, डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण हेक्टरभर जागेवर दहा टक्के झाडोरा दिसला की 'वनाच्छादन' मांडतं, मग ती कोणाची आमराई का असेना. सोयीनुसार यातला हवा तो आकडा भाषणात घ्यावा.

आता उतरंड. खाली वनरक्षक, त्याच्यावर वनपाल, मग रेंजरसाहेब, डीएफओ, मुख्य वनसंरक्षक आणि नागपूरच्या वनभवनात प्रधान मुख्य वनसंरक्षक. हुद्द्याचं नाव जितकं लांब, तितकं जंगल लांब, एवढं पाठ केलं तरी पुरे.

अवघड धडा बांबूचा. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. १९२७ च्या वन कायद्यात मात्र झाड. हा भेद किरकोळ समजू नये. झाड म्हटलं की लाकूड, आणि लाकूड खात्याचं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपजात घातलं, म्हणजे तो गावाचा झाला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला. बांबू गावाचा, पण तो गाडीत भरून न्यायचा पास खात्याचा! अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू निघायला २०१७ उजाडलं. जंगलातल्या बांबूचा जाच त्यानंतरही संपला नाही. नव्वद वर्षांत गवत उगवून वाळून जातं, व्याख्या जात नाही.

प्रात्यक्षिक मात्र वनरक्षकाकडूनच शिकावं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढायच्या, मग आग दिसली की हिरव्या फांद्या घेऊन झोडपत सुटायचं. त्यातच बिबट्या विहिरीत पडतो, गाय मारली जाते, पंचनामा करायचा असतो, आणि गावकऱ्यांची बोलणीही त्यानंच खायची. खातं म्हणून लोकांना दिसतो तो हाच एक माणूस, आणि बढतीच्या रांगेत तो सगळ्यात मागे. हे उलटं व्हायला हवं.

तूर्त तुम्ही एवढंच करा : वणवा दिसला तर १९२६ वर फोन लावा. जंगल नोंदीतलं की बिननोंदीतलं, हे विचारत बसू नका.