लिंकांची सुकेळी

आमच्या अंबाडी रोडच्या सोसायटीत एक काका आहेत. तसे ते प्रत्येक सोसायटीत असतात. कुठे पाण्याच्या टाकीची किल्ली सांभाळतात, कुठे गणपतीचा हिशेब. आमचे काका लिंक सांभाळतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ब्लॉग काढला. विषय वसई. किल्ल्यापासून पापडीच्या बाजारापर्यंत सगळं त्यात आहे आणि लेख चांगले असतात. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे लेखांचा विषय निघणार नाही. काकांकडेही निघत नाही. हल्ली ते लेखाबद्दल बोलतच नाहीत, लेखाच्या लिंकबद्दल बोलतात.

सुरुवात सुकेळीपासून झाली. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून आगाशीकडे सुकेळी कशी करतात यावर त्यांनी लेख लिहिला, ‘राजेळी केळ्याची सुकेळी’ असं शीर्षक दिलं आणि लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपवर जे उमटलं ते बघून दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी विचारलं, “काका, फोन खिशात दाबला गेला का?”

त्यात काकांची चूक नव्हती. देवनागरी पत्ता कॉपी केला की त्यातल्या एकेका चिन्हाच्या नऊ खुणा होतात. काना, मात्रा, वेलांटी यांचाही हिशेब वेगळा. नुसता ‘व’ म्हणजे टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का बी पाच. काकांच्या शीर्षकात अशी 20 चिन्हं, म्हणजे 180 खुणा, आणि मधल्या दोन रेघा धरून 182. काकांनी त्या पेन्सिलीनं टिंबं देत मोजल्या आणि त्या रात्री नुसतं ताक पिऊन झोपले.

सकाळी दूध आणायला निघालो तर जिन्यात उभे. “केळ्याची सुकेळी होते, मग लिंकची का होऊ नये?”

लिंक आखूड करून देणाऱ्या तयार सेवा आहेत, हे मी सांगून पाहिलं. टायनीयूआरएल 2002 पासून आहे, बिटली आहे, फुकटात काम होतं. पण काका 33 वर्षं चर्चगेटला लोंबकळत जाऊन भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या वन-बीएचकेत आलेले. “दुसऱ्याच्या जागेत आपल्या नावाची पाटी?” नोकरीत असताना त्यांनी किल्ल्याच्या फोटोंच्या लिंका गुगलच्या गू डॉट जीएलवर आखूड करून ठेवल्या होत्या. ते दुकान 2009 मध्ये निघालं, 2019 मध्ये नवीन लिंका बंद झाल्या, मग 25 ऑगस्ट 2025 पासून जुन्याही मरणार अशी नोटीस आली, आणि ऐनवेळी वापरात असलेल्या तेवढ्या वाचल्या. “याच्यापेक्षा पागडीची खोली बरी. आणि ते जीएल तरी कोणाचं? ग्रीनलँडचं! गुगलसारखा गुगल, आणि राहतो पोटभाडेकरू म्हणून.”

मग नकाशा उघडला गेला. प्रत्येक देशाला इंटरनेटवर दोन अक्षरी शेपूट असतं, आणि नाव असं निवडायचं की शेपटासकट आपला शब्द पुरा व्हावा, ही यातली खानदानी हौस. काकांना पहिल्या झटक्यात घबाड सापडलं. व्हीएएस डॉट एआय! सलग वाचलं की वसई. एआय हे शेपूट कॅरिबियनमधल्या अँग्विला नावाच्या चिमुकल्या बेटाचं. विरारची सोय अर्जेंटिनात, व्हीआयआर डॉट एआर. बोईसर आणि पालघर त्याच शेपटावर. अर्नाळा लाओसमध्ये निघाला, निर्मळ अल्बानियात. अख्खा जिल्हा जगभर पांगला. अशोकाचा शिलालेख सापडलेल्या सोपाऱ्याला मात्र कोणी वाली नाही, कारण आरए नावाचं शेपूट कुठल्याच देशाला नाही. हे ऐकून नालासोपाऱ्याचा आमचा वॉचमन म्हणाला, “आमचं नेहमीचंच आहे साहेब.”

स्वप्न चार दिवस टिकलं. अँग्विलावाले किमान 2 वर्षांचे डॉलर एकदम मागतात आणि अर्जेंटिनाला तिथला कर क्रमांक लागतो. वसईसाठी एवढा पैसा काकूंनी मंजूर केला नाही. शेवटी आडनावाची तीन अक्षरं आणि पुढे आपलं डॉट इन, यावर समेट झाला.

यासाठी युअर्ल्स नावाचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर मिळतं. ते आपल्या जागेवर चढवायचं की झालं. पण तयार घेतलं तर मग आपलं काय? काकांनी पुस्तक आणून स्वतः लिहायला घेतलं. हे लिंक वळवणं म्हणजे काय, हे मला त्यांनी प्लॅटफॉर्मवर समजावलं. “नालासोपाऱ्याचा माणूस चर्चगेटला जाण्यासाठी काय करतो? आधी उलटा विरारला जातो, सीट धरतो, मग चर्चगेट. वाचकाचंही तसंच. आधी माझ्या दारात, तिथे मी त्याला मोजणार, मग लेखावर.” आखूड लिंक कशी चालते हे सांगताना त्यांनी माझ्या तीन लोकल घालवल्या. बोलणं आखूड करायचं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही.

इतिहासाचा पुरावाही त्यांच्याकडे तयार असतो. “इंग्रजांनी वसईचं बसीन केलं. स्टेशनला आज वसई रोड म्हणतात, पण रेल्वेचा कोड बघा, बीएसआर. साहेब गेला, त्याची शॉर्ट लिंक चालूच. आणि दरवर्षी रिन्यू करायची भानगड नाही!”

आता मुख्य प्रसंग. वळवण्याचे दोन प्रकार असतात. 302 म्हणजे तात्पुरतं आणि 301 म्हणजे कायमचं. 301 सांगितलं की फोनमधला ब्राउझर नवा पत्ता पाठ करतो आणि पुढच्या वेळी विचारायलाही येत नाही. काकांनी अर्थातच 301 निवडलं. “तात्पुरतं काम आपण केलंय कधी?” एका रविवारी सकाळी नऊला सुकेळीच्या लेखाची आखूड लिंक ग्रुपवर पडली. काय देखणी होती! एका ओळीत मावून उजवीकडे जागा शिल्लक.

फक्त ती उघडली की वीजबिल भरायचं पान येत होतं.

काकूंनी सकाळी “अहो, बिल भरा आधी” म्हटलं होतं. काकांनी ते भरलं, त्या पानाचा पत्ता कॉपी झालेला राहिला आणि सुकेळीच्या जागी तोच चिकटला. बिल भरा नाहीतर रात्री वीज तोडू, असले फसवे मेसेज तेव्हा सगळ्यांनाच येत होते. आखूड, अनोळखी लिंक आणि आत वीजबिल! सेक्रेटरींनी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘कोणीही उघडू नये. फ्रॉड आहे.’ त्यामुळे ज्यांनी उघडली नव्हती त्यांनीही उघडली. काकांच्या आकड्यात एका तासात 61 भेटी पडल्या. तोवरचा विक्रम 9 होता, आणि त्यातल्या 5 अमेरिकेतल्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या मते सर्व्हरमधून फिरणाऱ्या यंत्रांच्या. काका 61 चा आकडा बघत राहिले. चेहऱ्यावर ओशाळेपण होतं, पण पुरतं नव्हतं.

लिंक त्यांनी दहा मिनिटांत दुरुस्त केली. नव्यानं उघडणाऱ्याला आता नीट सुकेळी दिसतात. पण ज्या फोनांनी कायमचं पाठ केलं, त्यांना कोण सांगणार? मीही नऊ वाजताच उघडली होती. माझ्या फोनवर सुकेळी म्हटलं की अजून वीजबिलच येतं. ते पान शोधायची कटकट वाचली, त्यामुळे मी दर महिन्याला तिथूनच भरतो, मुदतीच्या आत. काकांच्या आकड्यात मात्र माझी भेट धरली जात नाही. माझा फोन आता विरारला जातच नाही, थेट चर्चगेट पकडतो.