डोंगर कुठे आहे?

चित्रकलेच्या वहीत डोंगराची जात एकच. दोन त्रिकोण, मधल्या खाचेत अर्धा सूर्य, तिथूनच निघून पानाच्या कोपऱ्यात सांडणारी निळी नदी, काठावर एक झोपडी आणि एक नारळ. सह्याद्रीच्या कुशीत नारळ कुठून आला, हे विचारायचं नसतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या हाच डोंगर काढून वरच्या वर्गात गेल्या. आमची साडेचार वर्षांची नात सध्या त्याच वाटेवर आहे, म्हणून मे महिन्यात माथेरानला जायचं ठरलं तेव्हा खडूंची पेटी तिने स्वतःच्या हाताने भरली. डोंगराला समोर बसवून काढायचा होता.

नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०७ साली पुरी केली, आणि तेव्हापासून तिला कसलीही घाई झालेली नाही. वळणांवर तिचा शेवटचा डबा आपली विचारपूस करायला आल्यासारखा शेजारी दिसतो. नातीने मला बजावलं होतं, ‘डोंगर आला की सांगा.’ जुम्मापट्टीच्या पुढे मी म्हणालो, ‘हा बघ, आला.’ तिने पाहिलं. झाडी होती, कातळ होता, त्रिकोण नव्हता. मग वॉटर पाइप आलं, अमन लॉज आलं, शेवटी माथेरान आलं. लाल माती, घोड्यांचा वास, चिक्कीची दुकानं, छपरावरून आमच्या पिशव्यांचा अंदाज घेणारी माकडं. सगळ्यावर एकदा नजर फिरवून ती म्हणाली, ‘आजोबा, डोंगर मागेच राहिला.’

‘अगं, आपण डोंगरावरच उभे आहोत.’ तिने एक पाय उचलून सँडलखाली पाहिलं, मग दुसरा. खाली माती होती आणि एक मुंगळा, राजगिऱ्याच्या चिक्कीचा कण ओढत निघालेला. कण त्याच्याहून मोठा होता. थोडा ओढायचा, सोडायचा, त्याच्याभोवती एक फेरी मारून दुसऱ्या बाजूने धरायचा. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी असल्यामुळे माथेरानात भर रस्त्यात उकिडवं बसून मुंगळा बघता येतो. ही सोय महाराष्ट्रात फार ठिकाणी उरलेली नाही.

मी मात्र शिकवायला बसलो. ६.५ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस वाहिला, थरांवर थर बसले, वर जांभ्याची टोपी आली. म्हणून आपले डोंगर वरून असे पोळपाटासारखे सपाट. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याला १८५० साली माथेरान ‘सापडलं’ म्हणतात (ठाकर-धनगरांना ते आधीपासून ठाऊक होतं, पण त्यांच्याकडे कलेक्टरची कचेरी नव्हती). त्यानेही डोंगर आधी पायथ्याहूनच पाहिला असणार. वर पोचल्यावर त्याला जे दिसलं ते आमच्या नातीला दिसलं तेच: रान. श्रोत्यांचं लक्ष तोवर मुंगळ्याकडे परतलं होतं.

संध्याकाळी सनसेट पॉइंटला मी समोरचा प्रबळगड दाखवला. लहानपणी माझे वडील मला असाच दाखवायचे. हात लांब करून, आवाज थोडा सरकारी करून. मी त्यांच्या बोटाकडे बघायचो, पांढरं पडलेलं नख आणि त्यावरची शाईची रेघ मला अजून आठवते. वडिलांचा हात दुखू नये म्हणून मी ‘दिसला, दिसला’ म्हणायचो. पुढे आयुष्यात बऱ्याच ठिकाणी असंच म्हणालो. नात अजून तेवढी मोठी झालेली नाही. ती म्हणाली, ‘ह्याचा शेंडा कुठेय?’

शेवटी तिने माझा नाद सोडून एका घोडेवाल्याला गाठलं. तो झाडाच्या सावलीत घोड्याच्या पाठीवरचं खोगीर सैल करत होता. ‘काका, डोंगर कुठे आहे?’ त्याने हातातला पट्टा तसाच धरून गंभीरपणे विचार केला. ‘मे महिन्यात नसतो गं तो. गर्दी सोसत नाही त्याला. जूनमध्ये ये.’

तिचं तात्काळ समाधान झालं. माझी साडेसहा कोटी वर्षं पाण्यात गेली. आजी पुटपुटली की जूनमध्ये शाळा असते. तिकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही.

‘आणि घोडा? तो असतो जूनमध्ये?’

‘असतो की,’ तो म्हणाला, ‘पण धुक्यात तोही दिसत नाही.’