मुकं कोण, हे ठरवायचं कोणी?

माणसाची वाणी, श्रवण आणि भाषा यांचं शास्त्र शिकायचं तर मुंबई गाठावी. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहेच. भामरागडचं माडिया पोर वर्गात बोलत नाही अशी तक्रार आली, की मात्र निदानाला शास्त्र लागत नाही, गुरुजींचा शेरा पुरतो. शास्त्र म्हणतं, भाषेचा खरा दोष मुलाच्या घरच्या भाषेतही दिसतो. नुसतं परक्या भाषेत अडखळणं हा आजार नव्हे. म्हणजे तपासणाऱ्याला माडिया यायला हवी. त्यापेक्षा आगगाडीचं चित्र दाखवून पोर गप्प राहिलं की फुली मारणं सोपं. (गडचिरोली जिल्ह्यात आगगाडी वडशाला येते, भामरागडला नाही.) टोपलीभर मोहफुलं समोर ठेवून माडियात चार प्रश्न विचारले, तर फुली तपासनिसालाच मिळायची.

कोणी म्हणेल, मूठभरांसाठी एवढा खटाटोप कशाला? २०११च्या जनगणनेत माडियाच्याच कुळातली गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख निघाले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत शिरायला तेवढे पुरले नाहीत. संस्कृतला पंचवीस हजारही भरले नव्हते, तिचं भागलं. दुसरा आक्षेप: शेवटी मराठी शिकायचीच ना? शिकावीच. पण पोराच्या कानात दोष आहे की वर्गातली भाषाच त्याच्या ओळखीची नाही, हे आधी कळलं तर शिकवणाऱ्याचेही कष्ट वाचतील. गोंडवाना विद्यापीठ २०११पासून गडचिरोलीतच आहे. माडिया, गोंडी, झाडीबोली, सिरोंच्याची तेलुगू, मुलचेऱ्याची बंगाली, सगळं एकाच जिल्ह्यात. वाणी-श्रवणाचं हे शास्त्र शिकवायला याहून सोयीची जागा मुंबईत कुठे सापडते, ते वांद्र्याला विचारून पाहावं.