अललडुर्र

पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीत मी एकदा पडदा ओढला होता. तोही अर्धाच, उरलेला अडकला. पण शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता "कॉलेजात आम्ही पुरुषोत्तम केलं" एवढं तोंडातून निसटलं आणि पुढच्या सोमवारी वेळापत्रकात माझ्या नावापुढे 'नाट्य, नववी ब' उमटलं. नाही म्हणायचं होतं, पण हेडसरांनी आधीच अभिनंदन केलं.

मग पुण्याला जाऊन पाच दिवसांचं शिबिर केलं. वहीभर टिपणं आणि एक झोळी घेऊन परत आलो. ती झोळी खांद्याला लावून मेढ्याच्या स्टँडवर उतरलो, तर ओळखीच्या चहावाल्यानं विचारलं, "सर, कीर्तन हाय का कुठं?"

मेढ्यात जुलैमध्ये काहीही शिकवायचं तर आधी पावसाची परवानगी काढावी लागते. वेण्णा फुगलेली, वर्गावर पत्रा. सर लागली की मास्तराचं नुसतं तोंड हलताना दिसतं. मूकाभिनयाला हे फार सोयीचं, पण माझ्या वहीत पहिल्या पानावर 'आवाजाची फेक' होती. "आवाज पोटातून यायला हवा, शेवटच्या बाकापर्यंत पोचायला हवा!" मी पोटातून ओरडलो. शेवटच्या बाकानं कानाला हात लावून "आं?" केलं. मी पुन्हा ओरडलो आणि खोकत खुर्चीत बसलो. तेव्हा मधल्या रांगेतली एक अबोल मुलगी उठली. "सर, आमी ओढ्यापल्याडची म्हस बोलिवतो तसं का?" असं म्हणून तिनं एकच हाक मारली. हेडसर ऑफिसातून छत्री न घेता आले.

पुढच्या तासाला पान दुसरं. डोळे मिटा, तुम्ही झाड आहात.

"कंचं झाड, सर?"

शिबिरात हे कुणीच विचारलं नव्हतं. तिथं आम्ही सगळे नुसतेच झाड होतो. "कुठलंही," मी म्हणालो. यावर वर्गात गंभीर चर्चा झाली. ऐन, जांभूळ, हिरडा अशी वाटणी झाली आणि सगळे जे उभे राहिले ते ठोकल्यासारखे. "अरे, वारा सुटलाय, हला जरा!" मी स्वतः हात वर करून डोललो. जांभळानं एक डोळा उघडला. "सर, हिकडल्या वाऱ्यात झाड डुलत न्हाय. मोडतं." आणि ते धाडकन बाकावर मोडून पडलं. मागोमाग अख्खं रान.

तिसऱ्या पानावर 'उत्स्फूर्त प्रसंग' होता. एकानं उठून मास्तरांकडे लवकर घरी जायची परवानगी मागायची. पहिलाच मुलगा पुढे आला. खाली मान, शर्टाचं बटण पिळणारी बोटं. "सर, आजा लई आजारी हाय. सकाळपासनं पाणीबी प्याला न्हाय. दोनची गाडी चुकली तर मग सांजच्यालाच." शेवटच्या शब्दाला आवाज फुटला. माझ्या घशात आवंढा आला. "जा बाळ, जा," म्हणालो. तो दप्तर घेऊन गेला. वर्ग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"सर, त्यो खरंच गेला वं."

"जाऊ दे रे. आजोबा आजारी आहेत त्याचे."

"त्याचा आजा तर गेल्या साली वारला."

प्रसंग मीच दिला होता, हे तेव्हा आठवलं. रावणाचं काम मी त्यालाच दिलं.

रावण म्हणजे आमच्या 'सीता स्वयंवर'मधला. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी हेच नाटक केलं, तेव्हा पात्रांना लिहून दिलेली भाषणं नव्हती. सूत्रधार पदं म्हणत कथा पुढे न्यायचा आणि पात्रं त्या धोरणानं आपापलं बोलायची. राक्षस यायचे ते 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत. संहिता नाही, पाठांतर नाही. माझ्यासारख्या दिग्दर्शकासाठीच हा प्रकार जन्माला आला असावा. भाव्यांना चिंतामणराव पटवर्धनांचा राजाश्रय होता, मला हेडसरांनी दोन जुनी टेबलं दिली. '5 नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन, आपला प्रयोग' असं मी फळ्यावर ठळक लिहिलं. दिवाळीची सुट्टी असते, हे नववी ब नं सांगितलं.

सुट्टीनंतर प्रयोग ठरला. त्या दिवशी रावण गैरहजर. भातकाढणी चालू होती, मी समजून घेतलं आणि मिशा स्वतःला चिकटवल्या.

'अललडुर्र' म्हणत मी जी उडी मारली ती थेट दोन टेबलांच्या फटीत. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. हातातलं वेळूचं शिवधनुष्य छातीवर आडवं. कथेत रावणाचं असंच होतं, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. "अरे, पाय अडकलाय! खरंच अडकलाय!" मी ओरडलो. टाळ्या पडल्या. जनक पुढे येऊन म्हणाला, "बगा मंडळी, दहा तोंडं असून एक पाय निघंना."

राम निवांत आला. माझ्या छातीवरचं धनुष्य उचललं, मोडलं. सूत्रधारानं मंगलाष्टकं धरली, ती पाठ असलेली सगळी. सीता हार घेऊन जवळून गेली तेव्हा मी दात आवळून कुजबुजलो, "पाय!" ती पदर सावरत म्हणाली, "रावणा, वाईच कळ काढ. लगीन लागू दे."

अक्षता माझ्यावरही पडल्या.

शेवटी शिपायानं टेबल उलटं करून मला सोडवलं. हेडसरांनी पाठ थोपटली. "वेदना फार नैसर्गिक दाखवलीत. एरवी तुमचं जरा जास्त होतं."

दुसऱ्या दिवशी मी लंगडत वर्गात शिरलो. खरा रावण पहिल्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

"काल कुठं होतास?"

"सर, आजा लई आजारी..."

"कुठला रे आजा? तो तर..."

बटण पिळत, डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "त्यो न्हाय सर. आईकडला."