पिशवी काढून टाकणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टरसाहेब,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. एकट्या तुमचं लिहून भागणार नाही. तुमच्यासारखे दवाखाने तालुक्या-तालुक्यात आहेत.

वहिनी स्टुलावर बसली होती. ती काही सांगणार, तोवर तुम्ही सोनोग्राफीचा रिपोर्ट चाळून दादाला विचारलंत, “मुलं किती?” दादा म्हणाला, दोन. “मग आता पिशवीचं काय काम? काढून टाकू, कटकट जाईल.” दुखत होतं तिला, आणि विचारलंत दादाला. तिच्या पोटाला तुमचा हातसुद्धा लागला नाही. रिपोर्टात पिशवी नॉर्मल असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. चांगली पिशवी काढायची एवढी घाई कशाची होती?

सहा महिन्यांहून जास्त काळ ओटीपोट दुखत असेल, तर कारण शोधायला बसावं लागतं. पिशवीच्या शेजारी मूत्राशय आहे, आतडी आहेत, खालून आधार देणारे स्नायू आहेत, मधून जाणाऱ्या नसा आहेत. लघवी भरली की दुखतं आणि करून आल्यावर थांबतं का? शौचाला जाऊन आल्यावर बरं वाटतं का? संबंधांच्या वेळी दुखतं का? पाळीच्या चार दिवसांतच, की महिनाभर? यातला एकही प्रश्न विचारायला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. दार लोटून दादाला बाहेर बसवावं लागतं, इतकंच. नवऱ्यासमोर यातलं निम्मं कोणती बाई बोलेल?

वहिनीची दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. दुखायचं ते टाक्यांच्या उजव्या टोकाला, एका जागी, हंडा उचलला की जास्त. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला झोपवलं, त्या जागेवर बोट दाबून धरलं आणि म्हणाल्या, आता डोकं उचल. पोट ताठ झालं आणि वहिनी कळवळली. दुखणं आतल्या अवयवांचं असतं, तर ताठ झालेल्या स्नायूंनी बोटाचा दाब अडवला असता आणि ते कमी झालं असतं. वाढलं, म्हणजे पोटाच्या भिंतीतलं. शंभर वर्षांपूर्वीची ही तपासणी आहे, कार्नेटची. टाक्यांच्या व्रणात नस अडकली होती. बधिर करणारं इंजेक्शन त्याच जागी दिल्यावर थोड्या वेळाने वहिनी उठून सरळ चालली, आणि निदान पक्कं झालं. तुम्ही पिशवी काढली असतीत, तर दुखणं तिथंच राहिलं असतं, वर आणखी एक व्रण.

तुमच्याच टेबलासमोर कॉलेजातल्या मुलीही बसतात. पाळीत उलट्या होतात, परीक्षा बुडते. त्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला की तुम्ही म्हणता, लग्न झालं की थांबेल. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं, जगात सुमारे 19 कोटी बायकांना आणि मुलींना आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटाच्या आतल्या पडद्यावर तो पातळ पसरलेला असेल, तर साध्या सोनोग्राफीत दिसत नाही. रिपोर्ट स्वच्छ असूनही आजार असू शकतो. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार दुर्बिणीची शस्त्रक्रिया होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. लक्षणांवरून संशय आला तर औषध सुरू करता येतं. त्या मुलींची वर्षं तुमच्या एका वाक्यात गेली.

बीडचं विसरलात का? 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा पिशवी काढलेल्या 13 हजारांहून जास्त निघाल्या. कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या. पोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं, एवढ्यावर ‘कॅन्सर होईल’ म्हणून भीती घातली गेली, असं त्या बायकांनी सांगितलं. खाडा पडला की दंड कापला जातो, म्हणून त्याही तयार झाल्या. पांढरं जाणं बहुतेकदा औषधाने बरं होणारं. पिशवीबरोबर अंडाशयही काढली, तर तिशीतच पाळी जाते आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. ऊस तोडून मोळी डोक्यावर वाहणाऱ्या बाईची हाडं, डॉक्टरसाहेब!

पिशवी काढावीच लागते, असे आजार आहेत. आईची काढावी लागली, आणि ज्यांनी काढली त्यांचे आम्ही आजही पाय धरतो. त्यांनी आधी तपासलं होतं, कारण सांगितलं होतं, आईला विचारलं होतं.

वहिनीचा केसपेपर तुमच्याकडेच राहिला आहे. मागितल्यापासून 72 तासांत तो देणं वैद्यकीय परिषदेच्या नियमांनी तुमच्यावर बंधनकारक आहे. हा अर्ज समजा. सोमवारी मी आणि वहिनी दोघी येतो. पिशवी का काढायची होती, ते त्या कागदावर लिहिलेलं असेल तर वाचून दाखवा. या वेळी मात्र वहिनीकडे बघून.